आंबट आधी की आच आधी

तापलेल्या तव्यावर तीव्र आचेने थोडा वेळ माशाची तुकडी खरपूस भाजायची, ती नारळाच्या दुधात शिजवलेल्या भातावर ठेवायची आणि शेजारी आंबा, अननस, कांदा व मिरची यांची कोशिंबीर रचून सारे एकाच खोलगट भांड्यात वाढायचे, ही जी पद्धत गेल्या काही वर्षांत शहरी उपाहारगृहांतून घरांत शिरली आहे, तिला सामान्यतः ‘ट्रॉपिकल बाऊल’ असे म्हटले जाते. हवाई बेटांवरील कच्च्या माशाचे पोके, भातावर मासा किंवा मांस मांडून वाढले जाणारे जपानी दोनबुरी आणि कॅरिबियन किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजणारा भात, अशा अनेक परंपरांचे अंश तिच्यात मिसळलेले असल्याने तिचे एकच मूळगाव दाखवता येत नाही. घरी हा पदार्थ करू पाहणाऱ्यापुढे मात्र एक नेमका प्रश्न लवकरच उभा राहतो, तो म्हणजे आंबट रस माशाला आचेपूर्वी चोळावा, की मासा कोराच भाजून आंबट त्याच्यासोबत वाढावे.

या प्रश्नाच्या दोन बाजू पुढे दोन कल्पित व्यक्तींच्या मुखातून मांडल्या आहेत. स्थळ ताथवडे. २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आलेले हे गाव वाकड, पुनावळे आणि हिंजवडी यांच्या सान्निध्यात, मुंबई–बेंगळुरू महामार्गाच्या कडेला आहे. नृसिंहाचे देऊळ आणि पशुसंवर्धन खात्याचे वळू-प्रक्षेत्र यांच्या आसपास आता बहुमजली गृहसंकुले उभी राहिली असून त्यांत नोकरीसाठी चहूकडून आलेली कुटुंबे राहतात. संवादातील आत्या वेंगुर्ल्यात वाढलेली आणि उतारवयात भावाच्या मुलाकडे राहायला आलेली आहे. भाचा भोसरी औद्योगिक वसाहतीत उष्मोपचाराच्या, म्हणजे पोलाद ठरावीक तापमानापर्यंत तापवून व निववून त्याचा कठीणपणा बदलण्याच्या कामावर असलेला अभियंता आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातही तो आधी तापमान विचारतो, हे ओघानेच आले.

आत्याचा पहिला आक्षेप नावावर होता. “उष्ण प्रदेशातलं म्हणजे कुठलं रे? वेंगुर्ल्यात काय बर्फ पडतो?” या प्रश्नावर भाच्याला हसू आले, परंतु भूगोल आत्याच्या बाजूचा आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस येतो; ताथवडे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, तर हवाईची राजधानी होनोलुलू एकवीस अंशांच्याही वर असल्याने दोहोंपैकी विषुववृत्ताला जवळचे गाव ताथवडेच ठरते. नारळ आणि आंबा तर येथलेच आहेत. भाच्याने एवढेच निदर्शनास आणून दिले की अननस, पपई आणि मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मार्फत या किनाऱ्यावर उतरली, त्यामुळे आत्याच्या तिखल्यातली, म्हणजे माशाच्या तिखट कालवणातली मिरची आणि त्याच्या कोशिंबिरीतला अननस एकाच गलबतातले म्हणता येतील. “चारशे वर्षं घरात राहिलेल्याला पाहुणा कोण म्हणतं?” असे म्हणून आत्याने तो मुद्दा तेथेच संपवला.

मासा कसा कापून आणावा, यावर मात्र वाद रेंगाळला, आणि तो रेंगाळणे योग्यच होते. पिंपरीच्या बाजारात सुरमई बहुधा आडवी कापून मिळते. या गोलसर कापाला तुकडी म्हणतात आणि तिच्या मधोमध कण्याचा काटा असतो. भाच्याला कण्याच्या दोन्ही अंगांनी उभे काढलेले, कातडीसकट पण काट्याविना काप हवे होते, ज्यांना दुकानदार बोनलेस म्हणतात. त्याचे कारण असे की सपाट आणि सारख्या जाडीचा काप तव्याला सर्वांगाने टेकतो, तुकडी मात्र तापली की कण्याभोवती आक्रसते, पोटाकडची बाजू वर उचलली जाते आणि तेवढा भाग फिका राहतो. आत्याने निरीक्षण मान्य करून निष्कर्ष नाकारला. तिच्या मते खरे कारण तवा नसून चमचा होता: खोलगट भांड्यात भात, फळे आणि मासा एकत्र येतात, असे अन्न चमच्याने खाल्ले जाते आणि चमच्याला काटा कळत नाही, तो बोटांनाच कळतो. “म्हणजे चमच्याच्या सोयीसाठी माशाचं डोकं, शेपूट, कणा सगळं दुकानातच सोडून यायचं, आणि पैसे मात्र अख्ख्या माशाचे द्यायचे!” अख्खी सुरमई घेऊन तिचे असे काप काढले, तर जवळपास निम्मे वजन डोके, कणा आणि पोटातील भाग यांत जाते, हे पाहता हा आक्षेप केवळ हेका नाही. अखेरीस काप भाच्याच्या पद्धतीने काढावेत, परंतु डोके आणि कणा पिशवीत घालून घरी आणावेत, त्यांचे दुसऱ्या दिवशी तिखले होईल, अशी अट आत्याने घातली आणि भाच्याने ती मान्य केली. ज्यांच्या घरी तिखले करणारे कोणी नाही, त्यांनी सरळ तुकडीच भाजावी; तव्यावर किंचित दाबून धरली तर तीही बरी भाजते.

यानंतर मुख्य प्रश्न आला. वेंगुर्ल्याच्या रीतीप्रमाणे आत्या माशाला मीठ, हळद, लाल तिखट, आले-लसणाचे वाटण आणि आगळ, म्हणजे कोकमाच्या पिकल्या फळांचा मीठ घालून काढलेला दाट रस, लावून अर्धा तास ठेवते, नंतर तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून मध्यम आचेवर तळते. भाच्याचे म्हणणे असे की या रीतीत मासा भाजला जातच नाही. अन्नातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यात उष्णतेने जी रासायनिक क्रिया घडते व जिच्यामुळे तांबूस रंग आणि खमंग वास निर्माण होतो, तिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मैयार याच्या १९१२ मधील संशोधनावरून मैयार क्रिया म्हणतात, आणि ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर वेगाने होते. पृष्ठभागावर जोवर पाणी आहे, तोवर तेथील तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही, कारण सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. शिवाय ही क्रिया आम्लात मंदावते. आगळ पाणीही आहे आणि आम्लही. “म्हणजे आत्या, तू एकाच वेळी दोन ब्रेक लावतेस.”

“मग माझ्या... बरं, वेंगुर्ल्याच्या तुकडीवरचा तो खमंग थर कशाचा?” असे आत्याने विचारले असता भाच्याने तो रव्याचा असल्याचे सांगितले: रवा भाजला जातो आणि मासा त्याच्या कवचाआड स्वतःच्याच वाफेवर शिजतो. त्यावर आत्या म्हणाली, “मेल्या, मग त्यात वाईट काय झालं? वाफेवर शिजलेला मासा मऊ राहतो, आणि कुरकुरीतपणा हवा तो रवा देतो.” हे उत्तर वरकरणी दिसते त्याहून भक्कम आहे. माशाच्या स्नायूंतील प्रथिने जनावरांच्या मांसाच्या मानाने कमी तापमानाला आवळू लागतात. गाभ्याचे तापमान ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असताना मासा रसाळ असतो, आणि त्यानंतर तो लवकरच कोरडा व चोथट होतो. रव्याचे कवच ही घाई थोडी थोपवते. उलट तीव्र आचेने पृष्ठभाग बंद होऊन आतला रस कोंडला जातो, हा जो समज उपाहारगृहांत अजूनही ऐकू येतो, तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८४७ च्या सुमारास मांडलेल्या मताचा अवशेष असून नंतरच्या प्रयोगांत तो टिकलेला नाही. भाजलेल्या पृष्ठभागातूनही रस बाहेर येतच राहतो, तव्यावरचा चुरचुर आवाज हीच त्याची खूण होय. तेव्हा खरपूस भाजण्याच्या बाजूने रसाळपणाचा दावा करता येत नाही, केवळ चवीचा करता येतो, आणि भाच्याने तो तेवढाच केला: रव्याआड सुरमई आणि हलवा या माशांतला फरक पुसट होतो, कोऱ्या भाजलेल्या कापात तो स्पष्ट कळतो.

चव कळण्याइतका मासा ताजा आहे का, हा प्रश्न आत्याने येथे विचारला, आणि सगळ्या वादाचे मर्म त्यात आहे. मुंबईच्या ससून गोदीत किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरलेली मासळी पुष्कळदा त्याआधीच काही दिवस नौकेवर बर्फात असते. पुढे ती गाडीत भरून घाट चढते, पुण्यात गणेश पेठेच्या घाऊक बाजारात किंवा परस्पर पिंपरीला येते, आणि मग ताथवड्याच्या पिशवीत पडते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण होऊन किवळ्यापर्यंत आल्याने घाटातला वेळ कमी झाला, समुद्रावरचा झाला नाही. समुद्रातील माशांच्या शरीरात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचे एक गंधहीन द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमेथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात, आणि ज्याला आपण माशाचा वास म्हणतो तो प्रामुख्याने याचाच असतो. आम्लाचा संपर्क आला की त्याचे उडून न जाणाऱ्या क्षारात रूपांतर होऊन वास पुष्कळच दबतो. आगळ, चिंच किंवा लिंबू मासा शिजवण्यापूर्वी लावण्याला हा आधार आहे.

यातून एक विपरीत परिस्थिती समोर येते. ज्या वेंगुर्ल्यात रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्याची मासळी तास-दोन तासांत चुलीवर चढते, तेथे आचेआधीच्या आंबटाची गरज सर्वांत कमी, आणि तरीही ती रीत तेथे पक्की रुजलेली आहे. ज्या ताथवड्यात मासा दिवसांचा प्रवास करून येतो, तेथे मात्र कोऱ्या माशाची हौस वाढीस लागली आहे. आत्याची रीत घाटावर अधिक शोभते आणि भाच्याची किनाऱ्यावर. भाच्याला हे पटल्यावर त्याने आपली कृती बदलली, ती अशी: कापांना मीठ आणि आगळ लावून दहाच मिनिटे ठेवावे, स्वच्छ पाण्यातून झटकन काढावे, कोरड्या फडक्याने दोन्ही बाजू दाबून टिपाव्यात आणि काप ताटलीत न झाकता अर्धा तास शीतकपाटात ठेवावेत, म्हणजे पृष्ठभाग सुकतो; तव्यावर टाकण्यापूर्वी चिमूटभर हळद-मिठाखेरीज काहीही लावू नये. “लावलेलं पुसून टाकायचं, ही कसली रीत?” ही आत्याची कुरकुर शेवटपर्यंत चालू राहिली. एक सावधगिरी मात्र दोघांनाही मान्य होती. सुरमई, बांगडा, कुपा या वर्गातील मासे बर्फाविना राहिले, तर जिवाणूंच्या क्रियेने त्यांत हिस्टामिन तयार होते, ज्याने अंगावर पुरळ उठते व चेहरा लाल होतो, आणि ते ना आगळाने जाते ना भाजण्याने. त्यामुळे कल्ले लालभडक आहेत, डोळे फुगीर व स्वच्छ आहेत आणि बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर येते, हे पाहिल्याशिवाय मासा घेऊ नये, आणि घेतल्यावर तो दुचाकीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नये.

भाजण्याच्या तंत्रात आत्याचे ऐकणे भाच्याच्या फायद्याचे ठरले. त्याने न चिकटणारा आधुनिक तवा काढला होता. परंतु त्यावरील लेपामुळे तो रिकामा व अतिशय तापवण्यासाठी नसतो, शिवाय असा तवा पातळ असल्याने थंड मासा पडताच निवतो. आत्याने बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाकरीला न वापरला जाणारा जड तवा पुढे केला. तो मध्यम आचेवर सावकाश तापू द्यावा. पाण्याचा थेंब टाकला असता तो चुर्र होऊन आटण्याऐवजी गोळी होऊन पळू लागला, की तव्याचे तापमान दोनशे अंशांच्या आसपास पोहोचले असे समजावे. मग रिफाइंड शेंगदाणा तेलाचा एक चमचा पसरावा, कारण कच्चे खोबरेल तेल या तापमानाला धुरावते. काप कातडीच्या बाजूने ठेवून पहिले दहा सेकंद उलथण्याने हलकेच दाबावा आणि नंतर तीन मिनिटे त्याला हात लावू नये. येथे घाई करणाऱ्याचा मासा हमखास फाटतो: ओली प्रथिने तापल्या धातूला धरून ठेवतात, थर पुरता भाजला की ती आपणहून सोडतात. कडेने पाहिले असता पांढरा, अपारदर्शक रंग खालून वर चढत जाताना दिसतो. तो दोनतृतीयांश उंचीपर्यंत आला की काप उलटावा आणि दुसरी बाजू दीड मिनिटात उरकावी. हे प्रमाण अंगठ्याच्या जाडीच्या कापाचे आहे.

भाताविषयी वाद झालाच नाही. आत्याला उकडा तांदूळ हवा होता, परंतु त्याचे मोकळे, टणक शीत चमच्यात एकत्र येत नाही, हे तिनेच बोलून दाखवले. तांदळातील स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात, आणि अमायलोजचे प्रमाण जितके कमी तितका भात चिकट होतो. जपानी पद्धतीच्या बाऊलला म्हणूनच तसा तांदूळ लागतो. ताथवड्यापासून फार दूर नसलेल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून तयार झालेला आणि १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ मऊ, सुवासिक आणि जात्याच चिकट असल्याने तो आयात तांदळाची जागा सहज घेतो. एक वाटी तांदळाला एक वाटी पातळ नारळदूध आणि पाऊण ते एक वाटी पाणी पुरते. दाट दूध, म्हणजे ओल्या खोबऱ्याचे पहिल्यांदा पिळलेले दूध, आच बंद केल्यावर वरून घालावे, नाहीतर ते तळाशी लागते.

गोड्या पाण्यातील माशाचा प्रस्ताव भाच्याने मांडला तेव्हा आत्याचा चेहरा पडला. उजनी जलाशयातील चिलापी, जिला इतरत्र तिलापिया म्हणतात, भिगवणहून ताजी येते, स्वस्त असते आणि परदेशातील अनेक बाऊलांत हाच मासा असतो, असे त्याचे म्हणणे होते. मूळची आफ्रिकेतील ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ताथवड्याजवळची पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा उजनीत साठते, तेव्हा हा मासा एका अर्थी ताथवड्याच्याच पाण्यातला आहे, हेही त्याने अभिमानाने सांगितले. “म्हणजे आपल्याच मोरीच्या!” असे आत्या म्हणाली. या वाक्याला उत्तर नाही. वरच्या शहरांतील सांडपाणी पुरते शुद्ध न होताच खाली उतरते, ही उजनीची जुनी तक्रार आहे. पाकशास्त्रापुरते पाहिले, तर गोड्या पाण्यातील माशाला येणारा मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि आम्लात तेही गंधहीन होते, त्यामुळे चिलापीला आगळ आधी लावण्यावाचून गत्यंतर नाही.

कोशिंबिरीत अर्धी कैरी, एक घट्ट पिकलेला आंबा, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ एवढे पुरे. अननस घालायचा असल्यास तो वाढतेवेळीच घालावा, कारण कच्च्या अननसात ब्रोमेलिन हे प्रथिने तोडणारे विकर असते व त्याच्या रसात मुरवलेला मासा पिठूळ होतो. बाऊलच्या परदेशी कृतींत ही चूक वारंवार आढळते. या पदार्थाचा हंगामही फार आखूड आहे. हापूस एप्रिल-मे महिन्यांत भरात असतो, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास मासा पुन्हा येऊ लागतो तेव्हा हापूस संपलेला असतो. ताजी सुरमई आणि हापूस एका भांड्यात येण्याचे दिवस म्हणून वर्षातून थोडेच.

वाढताना आत्याने भांडे नाकारून ताट घेतले. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी-आमटी उजव्या हाताला व भात मध्ये असतो. काय कशात कालवायचे आणि किती, हे प्रत्येक घासाला खाणारा ठरवतो. बाऊलमध्ये हा निर्णय स्वयंपाक करणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. भाच्याला त्यात सोय दिसते, आत्याला जबरदस्ती, आणि ज्याला कैरीचे आंबट माशासोबत हवे पण भातात नको, त्याच्या बाबतीत आत्याचेच म्हणणे खरे आहे.

बंदीच्या दोन महिन्यांत काय करावे, या भाच्याच्या प्रश्नाला गोठवलेला मासा हे त्याचेच उत्तर होते. आत्याचे होते सुका बोंबील. उन्हात वाळलेल्या बोंबलात पाणी फारसे उरलेले नसल्याने भाच्याला जे फडक्याने टिपून साधावे लागते ते त्यात आधीच साधलेले असते, आणि म्हणूनच तीव्र आच येथे घातक ठरते, कारण बोंबील पाहता पाहता करपतो व कडू होतो. डोके-शेपूट काढून बोटभर तुकडे करावेत, बिडाच्या तव्यावर तेलाशिवाय हलवत राहून तांबूस भाजावेत, हाताने मोडून कच्चा कांदा आणि कैरीसह इंद्रायणीच्या साध्या भातावर घालावेत. नारळाचे दूध त्यात नको. भाच्याने तापमान विचारले. “बारीक आच,” एवढेच सांगून आत्याने, शेजारच्या सदनिकेतील मंडळी शाकाहारी आहेत, तेव्हा तवा ठेवण्यापूर्वी पुढचे दार लावून गॅलरीचे उघडण्यास सांगितले.